विरुद्ध बाजूचं पान

"वाद घालताना ओरडायचं नसतं!" बाई सातवीच्या वर्गात इतक्या जोरात ओरडल्या, की भिंतीपलीकडे गणिताच्या सरांच्या हातातला खडू मोडला. "जो ओरडतो तो हरतो! घ्या लिहून!"

मुलांनी निमूटपणे लिहून घेतलं. मुलं पाठीमागे आपल्याला 'ठिणगी' म्हणतात हे बाईंना ठाऊक होतं, आणि त्याचाही त्यांना राग होता. नाव ठेवल्याचा नव्हे. कारण न देता नाव ठेवल्याचा. "मला ठिणगी म्हणायचंय ना? खुशाल म्हणा! पण दोन कारणं द्या आणि एक पुरावा द्या!" असं त्यांनी एकदा भर वर्गात डस्टर आपटून बजावलं होतं. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा "पुरावा समोर उभा आहे" असं पुटपुटला. बाईंनी ते ऐकलं, त्या लालबुंद झाल्या आणि त्यांनी त्या मुलाला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. तेव्हापासून त्याचं नाव 'वकील' पडलं.

बाईंचा खरा राग होता मोठ्या माणसांवर. आणि तो वाजवी होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. मोठ्या माणसांना वाद घालता येत नाही. त्यांना आवाज चढवता येतो, जुनी मढी उकरता येतात, आणि तेही जमेनासं झालं की "जाऊ दे, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही" म्हणून दार आपटता येतं. स्टाफरूमची खिडकी उघडी ठेवायची की बंद, या प्रश्नावरून दोन शिक्षक कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्या खिडकीची कडी तर केव्हाच तुटलेली होती. घरी बाईंचा नवरा प्रत्येक चर्चेचा शेवट "मी म्हणतो म्हणून" असा करायचा. तेव्हा निदान सातवीची एक तुकडी तरी आपल्या हातून अशी बाहेर पडावी, की जिला भांडण आणि वाद यांतला फरक कळतो, असं बाईंनी ठरवलं होतं.

त्यासाठी त्यांनी मुख्याध्यापकांशी भांडून (बाईंच्या मते वाद घालून) आठवड्याचा एक जादा तास मिळवला होता. वादनिबंध लिहायचा तास. या तासावर बँडच्या सरांचा पहिल्यापासून डोळा होता. मुख्याध्यापकांनी दोघांच्याही तोंडाला पानं पुसायची म्हणून सांगितलं होतं, "आजी-आजोबा दिनापर्यंत तास बाईंकडे. त्या दिवशी पाहुण्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. दिसलं तर तास राहील. नाही दिसलं, तर बँडला."

बाईंची एक पद्धत होती. निबंध एका कागदावर लिहायचा. पुढच्या बाजूला विरुद्ध पक्षाचं म्हणणं, म्हणजे आपल्याला जे पटत नाही ते. आणि तेही असं लिहायचं, की विरुद्ध पक्षाने वाचून मांडीवर थाप मारावी आणि म्हणावं, अगदी माझ्या मनातलं बोललास! मग पान उलटायचं, 'पण' लिहायचं, आणि त्या सगळ्या म्हणण्याचा मुद्देसूद समाचार घ्यायचा. "आधी शत्रूचं घर पक्कं बांधा, मग पाडा!" बाई सांगायच्या. "कच्चं घर काय, मांजरसुद्धा पाडतं!"

खरं तर बाईंना दोन बाजूंना दोन वेगळे कागद हवे होते. पण मुख्याध्यापकांचं 'कागद वाचवा' असं परिपत्रक निघालं होतं. दोन शब्दांचं ते परिपत्रक प्रत्येक शिक्षकाला एकेका कोऱ्या करकरीत कागदावर मिळालं. बाईंनी दातओठ खाऊन ते पाळलं.

विषयावरूनही खडाजंगी झाली. "आजी-आजोबांवर काहीतरी गोड लिहून घ्या ना, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, गोड लिहायला मी शिकवत नाही."

"बरं बाई, निदान तिखट नको."

शेवटी विषय ठरला : आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर एकाच घरात राहावं का? वर्गात विचारल्यावर सगळे हात वर झाले. राहावं! म्हणजे विरुद्ध बाजू झाली, राहू नये. सुरुवातीला मुलं बिचकली. मुख्याध्यापकांची लेक याच वर्गात होती, ती तर रडवेली झाली. "बाई, मला विरुद्ध मुद्दाच सापडत नाहीये. माझी आजी चांगली आहे."

"चांगली आहे हे तुझं मत झालं!" बाई कडाडल्या. "मताला कोण विचारतो? घरात जा, डोळे उघडे ठेव, काय दिसतं ते लिही!"

मुलांना असं काही सांगू नये. मुलं डोळे उघडे ठेवतात.

पुढचे कित्येक तास त्या एका पानावर गेले. 'आजोबांचा त्रास होतो' असं कुणी लिहिलं, की बाई कागद परत भिरकवायच्या. "कसला त्रास? केव्हा होतो? पुरावा कुठंय?" मुलं पुरावे आणत गेली, पान घोटून घोटून असं झकास झालं की बाई घरी गेल्यावर मनातल्या मनात हसायच्या. मागची बाजू लिहायला राहिला शेवटचा एकच तास. त्या तासाला बरोबर खिडकीखाली बँडचा सराव सुरू झाला. ड्रमच्या दणदणाटात मुलांनी 'पण' लिहिलं, आणि शाई वाळते न वाळते तोच मुख्याध्यापक स्वतः येऊन कागद गोळा करून घेऊन गेले. "तपासणी नंतर, बाई. उद्या पाहुणे येणार. आधी फलकावर लागू द्या."

बाईंनी मागची बाजू पाहिलीच नाही.

फलक नवाकोरा होता. सभागृहाकडे जाणाऱ्या व्हरांड्यात, भिंतीवर घट्ट बसवलेला, पुढे काच आणि काचेला कुलूप. सगळे निबंध त्यात टाचण्यांनी ओळीत लावले गेले, सुलटी बाजू बाहेर, उलटी बाजू भिंतीला. मुख्याध्यापकांनी स्वतः दोन पावलं मागे सरून फलक सरळ आहे ना ते पाहिलं. वाचला मात्र नाही. अक्षरं ओळीत दिसली की त्यांचं समाधान व्हायचं.

दुसऱ्या दिवशी आजी-आजोबा आले. कडक इस्त्रीचे कपडे, गुडघ्यांना पट्टे, हातात काठ्या. सभागृहात चहा-बिस्किटं मांडलेली होती, पण तिथवर कुणी पोचलंच नाही. व्हरांड्यात फलक होता, आणि आपल्या नातवंडाचं नाव शोधायला कुणालाही चष्मा लागत नाही.

पहिली गर्जना फौजदार आजोबांची. हे वकिलाचे आजोबा. नोकरीतून कधीच निवृत्त झाले होते, आवाजातून नाही.

"हे काय लिहिलंय? 'आजोबा बातम्यांशी भांडतात. बातम्या उत्तर देत नाहीत. मग ते आईशी भांडतात.' कुणी लिहिलं हे? माझ्या नातवानं?"

शेजारी नर्स आजी उभ्या होत्या. जन्मभर लोकांना सुया टोचलेल्या; आज त्यांना कुणीतरी टोचलं होतं. "आणि हे बघा! 'आजी फोन कानाला न लावता आरशासारखा तोंडासमोर धरते. त्यामुळे आत्याच्या घरातलं सगळं आम्हाला आणि आमच्या घरातलं सगळं आत्याला कळतं.' अगं बाई गं! कार्टीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय!"

"आमच्याकडे म्हणे रिकाम्या डब्यांचा एक डबा आहे!"

"मी पंखा बंद करतो म्हणे! अरे, बिल कोण भरतं?"

"'म्हणून आजी-आजोबांनी वेगळं राहावं, हे दोघांच्याही हिताचं आहे.' हिताचं! सातवीतलं पोर मला हित शिकवतंय!"

बघता बघता व्हरांडा पेटला. काठ्या जमिनीवर आपटू लागल्या. एका आजोबांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि धाकट्या मुलाला सांगितलं, की माझी खोली झाडून ठेव, मी तुझ्याकडे येतोय. पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांचा पारा आणखी चढला.

या गर्दीत एक म्हातारी मात्र गप्प होती. अंगापिंडाने चिमणीएवढी. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक निबंध शांतपणे वाचत चालली होती. या मुख्याध्यापकांच्या मातोश्री, आजच्या प्रमुख पाहुण्या. नातीच्या निबंधापाशी त्या थांबल्या. तिथे लिहिलं होतं : 'अख्खी शाळा बाबांना घाबरते. बाबा आजीला घाबरतात. त्यामुळे घरात मला कुणाला घाबरावं ते कळत नाही. एका घरात एकच मुख्याध्यापक असावा.'

"गुंड्या," मातोश्रींनी हाक मारली.

मुख्याध्यापक गर्दीतून अंग चोरत आले. सगळ्या शाळेने हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. शाळेने ते जन्मभर विसरू नये अशी व्यवस्थाही तिथेच झाली, कारण सगळी सातवी स्वयंसेवक म्हणून तिथेच उभी होती.

"हे तू लावलंस?"

"आई, मी... बाई! बाई कुठे आहेत? बाई!"

बाई आल्या त्या पदर खोचूनच. मुख्याध्यापकांनी त्यांना खांबामागे घेतलं. "हे काय करून ठेवलंत? माझी सगळ्यांसमोर शोभा झाली! आत्ताच्या आत्ता माइकवर जा आणि माफी मागा. आणि सोमवारपासून तुमचा तास बँडला!"

"माफी? कशाची?" बाईंचा आवाज खांब पार करून गेला. "सर, तुम्ही अर्धा निबंध लावलात! हे विरुद्ध बाजूचं पान आहे! मुलांचं स्वतःचं म्हणणं मागच्या बाजूला आहे, भिंतीकडे तोंड करून! तुम्हाला कागद वाचवायचे होते ना? वाचवा आता!"

"मागच्या बाजूला?" फौजदार आजोबांचे कान टवकारले. "मागे काय आहे?"

"मागे या सगळ्याचं खंडन आहे!" बाईंची छाती अभिमानाने फुगली. "एकेक मुद्दा घेऊन पार धुव्वा उडवलेला असणार! उघडा काच! माझी मुलं आहेत ती, मी शिकवलंय त्यांना! मागचं पान वाचा, आणि मग कुणाला माफी हवी असेल तर मी मागते!"

कुलपाची किल्ली बँडच्या सरांकडे होती, कारण फलक मुळात त्यांच्या ढालींसाठी घेतलेला होता. ते सनई-ट्रम्पेटवाल्या पोरांना घेऊन फाटकाशी स्वागताला उभे होते. त्यांना ओढत आणलं. त्यांनी काच सरकवली. फौजदार आजोबांनी नातवाचा कागद टाचणीसकट उपटला, उलटला आणि चौकीत जबानी वाचावी तसा खणखणीत आवाजात वाचला.

"'पण आजोबा घरात असावेत. कारण ते आधीपासूनच आहेत.'"

व्हरांड्यात सगळे पुढच्या वाक्याची वाट बघू लागले. पुढचं वाक्य नव्हतं.

नर्स आजींनी आपला कागद उलटला. "'पण आजी हवी. मागच्या पानावरचं सगळं खरं आहे, तरी बाई म्हणाल्या म्हणून हवी.'"

"'पण आजोबा गेल्यावर आपल्याला वाईट वाटेल, म्हणून आत्ता सहन करावं.'"

"'पण' आहे आणि पुढे घराचं चित्र आहे. चित्रात मी नाहीये."

मातोश्रींनी नातीचा कागद हातात घेतला. त्यावर होतं : 'पण बँड वाजतो आहे. मला काहीच ऐकू येत नाही.'

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गर्रकन मुलांकडे वळल्या. "हे खंडन? याला खंडन म्हणतात? लाज नाही वाटत? इतके दिवस मी घसा फोडून काय शिकवलं?"

"पहिलं पान शिकवलंत, बाई," वकील म्हणाला. त्याचे आजोबा काठी घेऊन शेजारी उभे होते, तरी म्हणाला. "सगळे तास पहिलंच पान घोटून घेतलंत. आमचं म्हणणं काय आहे ते तुम्ही एकदाही विचारलं नाही. त्याला एकच तास दिला. आणि तोही यांनी वाजवला." त्याने बँडच्या सरांकडे बोट दाखवलं.

बाईंनी बोटांवर मोजलं. मुद्दा होता, कारण होतं, पुरावा होता. त्यांना स्वतःचा एवढा राग आला की तो बाहेर काढायला कुणी समोर दिसेना. तास गेला हे त्यांना कळून चुकलं. आणि तो जायलाच हवा होता, हे कळल्यामुळे तर अंगाचा तिळपापड झाला.

"ते काही नाही!" फौजदार आजोबांनी काठी आपटली. "कागद आणा! आम्हीपण उत्तर देणार! कालच्या पोरांनी आमच्यावर पान पान लिहायचं आणि आम्ही चहा पिऊन घरी जायचं? कागद आणा म्हणतो ना!"

"हो, हो! आणा कागद!"

मुख्याध्यापक कळवळून म्हणाले, "अहो, स्वागतगीत व्हायचंय, सत्कार व्हायचाय..." पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. सगळे आजी-आजोबा सातवीच्या वर्गात घुसले आणि गुडघे सांभाळत बाकांवर बसले. बाईंनी कागद वाटले. वाटता वाटता त्यांच्यातली बाई जागी झाली.

"लिहायचं तर नियमाने लिहायचं!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "पुढच्या बाजूला विरुद्ध पक्षाचं म्हणणं. 'एका घरात राहू नये.' पानभर!"

"ते कशाला? ते तर पोरांनी लिहिलंय!"

"ते पोरांच्या बाजूने. तुम्ही तुमच्या बाजूने लिहा. पुरावे घरातलेच हवेत. मग पान उलटा आणि त्याचं खंडन करा. आणि गोंगाट नको!"

"आम्हाला नाही येत असलं उलटसुलट लिहायला," नर्स आजी फणकारल्या.

"प्रयत्न करा," बाई म्हणाल्या.

त्यांनी प्रयत्न केला. पहिल्यांदा वर्गात नुसते सुस्कारे आणि खाकरणं चाललं होतं. मग पेनं कुरकुरली. मग कुणी मान वर करेना. फौजदार आजोबा तर कागद फाटेल असे लिहीत होते. बाई बाकांमधून फिरू लागल्या आणि वाकून वाचू लागल्या.

'मी उभ्या जन्मात चोर पकडले. आता घरात रिमोट पकडायचा तर परवानगी लागते,' असं फौजदार आजोबांनी लिहिलं होतं. 'मी कोचावर बसलो की सून झाडू घेऊन येते आणि पाय वर घ्या म्हणते. मी पाय वर घेतले की ती तिथे झाडत नाही, निघून जाते. हे मी अनेकदा पाहिलेले आहे.' नर्स आजींचं अक्षर डॉक्टरांना लाजवणारं होतं, पण मुद्दे स्वच्छ होते. 'आज भाजी कोणती करू, असे विचारतात. मी सांगते. मग दुसरीच करतात. विचारूच नये.' मातोश्रींनी लिहिलं होतं, 'माझ्या खोलीतल्या कपाटात सगळ्या घराच्या जुन्या वस्तू आहेत. आई, हे तुमच्याकडे ठेवू का, असे ठेवून झाल्यावर विचारतात.' त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं, 'संध्याकाळी सगळे घरी येतात आणि आपापल्या फोनशी बोलतात. दुपारी मी एकटी असते, तेव्हा मला इतके एकटे वाटत नाही.'

बाई तिथे जरा जास्त वेळ वाकून उभ्या राहिल्या. मग त्या टेबलाकडे वळल्या. "चला. पान उलटा. 'पण' लिहा."

कुणीच पान उलटलं नाही.

"ऐकू आलं नाही का? 'पण' लिहा!"

"काय लिहू 'पण'च्या पुढे?" नर्स आजी पेनचं टोक चावत म्हणाल्या. "बाई, मला तर हे पटलंय."

"तसं बघितलं तर खरंच आहे," फौजदार आजोबा स्वतःचाच कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले. "मुद्देसूद आहे. तोड नाही याला."

"माझी बहीण कधीची म्हणतेय, माझ्याकडे ये."

"आमच्या मित्राच्या इमारतीत तळमजल्याला जागा रिकामी आहे. तिथे पंखा मी बंद करीन, नाहीतर फोडीन!"

वर्गात एकाएकी चैतन्य आलं. म्हातारी माणसं बाकांवरून एकमेकांकडे वळून ठरवाठरवी करू लागली. मघाचा संताप आता भलतीकडेच फिरला होता. नातवंडांनी लिहिलं त्याचा राग कुणाला उरला नव्हता. ते आपल्याला इतकी वर्षं सुचलं नाही, याचा राग सगळ्यांना आला होता. मातोश्रींनी पेनला टोपण लावलं आणि त्या उठल्या. "गुंड्या, माझी पोस्टातली मैत्रीण एकटी राहते. तिच्याकडे मी उद्या जाते. कपाट रिकामं करून घे."

एवढ्यात आई-बापांची पहिली टोळी म्हाताऱ्यांना घरी न्यायला आली. व्हरांड्यात त्यांना बातमी कळली आणि दुसरी आग लागली.

"माझ्या आईला काय शिकवलंत तुम्ही?" एक बाप बाईंच्या अंगावर आला. "ती गेली तर मुलाला शाळेतून घरी आणणार कोण?"

"आणि दुपारी गॅसवाला आला तर दार कोण उघडणार?"

"बाबा, असं रागावून कुणी घर सोडतं का?" फौजदार आजोबांची सून म्हणाली.

"रागावून नाही," फौजदार आजोबा शांतपणे म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता म्हणाले. "कारणं देऊन." त्यांनी कागद सुनेच्या हातात ठेवला. तिने झाडूचा मुद्दा वाचला आणि कागद घाईने उलटला.

मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी बाईंचा जवळजवळ हातच धरला. "बाई, मागचं पान! मागचं पान लिहून घ्या त्यांच्याकडून! काहीही करा!"

"सोमवारपासून तास बँडला आहे," बाई म्हणाल्या. "मी काय करणार?"

"बँड गेला खड्ड्यात! तास तुमचा! आठवड्याला दोन घ्या! पण आईला थांबवा!"

बँडचे सर किल्ली हातात घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी ती मुकाट्याने बाईंच्या टेबलावर ठेवली. आता दोन तास मिळाल्यावर कुणीही दुसरी बाई 'थँक्यू सर' म्हणाली असती. पण या बाईंचा राग अजून निवला नव्हता, आणि या वेळी तो योग्य माणसावर होता.

"त्यांनी का लिहायचं खंडन?" बाईंनी विचारलं. "त्यांना जायचंय, त्यांची बाजू लिहून झाली. ज्यांना आजी-आजोबा घरात हवेत, त्यांनी लिहायचं! बसा खाली! सगळे! गॅसवाल्याचं कारण चालणार नाही!"

आई-बाप बाकांवर बसले. मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. आई-वडील लिहायला बसलेत आणि आपण मोकळे आहोत, असं दृश्य त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांना पहिल्या बाकावर जागा मिळाली. गुडघे बाकात मावेनात. समोर आईचा कागद उलटा पडलेला, कोरा. त्यांनी 'पण' लिहिलं आणि थांबले. मग एक ओळ लिहून खोडली. दुसरी लिहून खोडली. जन्मभर माणसाने परिपत्रकं काढली होती. कारण द्यायची वेळच आली नव्हती.

बऱ्याच वेळाने त्यांचं पेन चालायचं थांबलं. मातोश्रींनी हात पुढे केला. त्यांनी मान खाली घालून कागद दिला. मातोश्रींनी चष्मा सारखा केला आणि वाचलं.

'पण आईने जाऊ नये. शाळेत मला सगळे सर म्हणतात. घरीही हल्ली बायको थट्टेने सरच म्हणते. मी चुकलो तर, चुकलास, असे तोंडावर सांगणारे एकच माणूस उरले आहे. ते गेले तर मी सगळीकडेच बरोबर असेन. मला भीती वाटते.'

मातोश्रींनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नात हळूच पुढे आली. "आजी, पटलं?"

"अजिबात नाही!" मातोश्रींचा आवाज चढला. "एवढंसं लिहिलंय! एक कारण, आणि पुराव्याच्या नावानं बोंब! एवढ्यावर कुणी मत बदलतं होय? गुंड्या, ऊठ. घरी चल. रोज जेवण झालं की माझ्यासमोर बसायचं, फोन लांब ठेवायचा, आणि पुढचं लिहायचं. ज्या दिवशी हे पान भरेल, त्या दिवशी मी जाणार म्हणजे जाणार!"

मुख्याध्यापकांनी मान हलवली आणि कागद जपून घडी करून खिशात ठेवला. दारापर्यंत पोचले तेव्हा बाई त्यांच्यापाशी गेल्या, वाकल्या, आणि सातवीच्या वर्गाने कधीही न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाल्या,

"सर, अक्षर बारीक काढा."